कालचं जेवण आणि चंदनाची उदबत्ती

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून 'फराळ खा, वजन विसरा' छापाचं काहीतरी हवं होतं. दोन पानं आणि सोबत बेक केलेल्या करंजीची कृती. मी म्हटलं, बेक केलेली करंजी मी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितली नाही, आता म्हातारपणी काय सांगू? करंजी तळावी, एक खावी, आवडली तर आणखी एक खावी आणि गप्प बसावं. त्या हसल्या. म्हणाल्या, मग तुमचे अनुभवच लिहा ना. आता अनुभव म्हणाल तर माझ्याकडे आहेत ते फक्त लोकांचे 'काल'.

आहारतज्ज्ञाच्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. काल काय खाल्लंत? डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत सगळं सांगायचं. चहातली साखर, येताजाता तोंडात टाकलेले दाणे, पोराच्या ताटातला उरलेला घास, काहीही वगळायचं नाही. पस्तीस वर्षं मी हाच प्रश्न विचारला, आधी परळच्या एका मोठ्या इस्पितळात आणि मग दादरला फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही हो, असं सांगून सांगून थकले आणि सोडून दिलं.

गेल्या मार्गशीर्षात खोली बंद केली. आता दुपारी जेवून आडवी झाले की डोळ्यांवर झापड येते, आणि तेव्हा हे सगळे काल येतात. कुणाचा कोणता ते कळत नाही. लालबागच्या एका मावशींची नाचणीची भाकरी हिंदू कॉलनीतल्या सरांच्या टेबलावर दिसते. गिरगावातले एक निवृत्त बँकवाले मोत्यासारख्या अक्षरात धादांत खोटी डायरी लिहून आणायचे, त्यांचे फुलके फुगतात ते माझ्याच माहेरच्या चुलीवर. मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी असते आणि कुणीतरी विचारतं, काल काय खाल्लंत? मला आठवत नाही. मग जाग येते, चारचा चहा होतो.

लालबागच्या त्या मावशींचं सांगते, कारण त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. साखर वाढली म्हणून आल्या होत्या. काल काय खाल्लंत विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. सकाळी? काही नाही. दुपारी? तेच. अर्धा तास ओढाताण झाल्यावर म्हणाल्या, "मी जेवत नाही हो बाई, मी संपवते." घरात सात माणसं, त्यांच्यामागे पातेल्यात जे उरेल ते उभ्या उभ्या संपवायचं. या बाईला लग्नानंतर स्वतःचं पान असं नव्हतंच. मी तिला तक्ता दिला नाही. म्हटलं, एक ताट विकत घ्या, त्यावर नाव घाला आणि खाली बसा. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात त्या ताटाचा फोटो घेऊन आल्या, वर नाव कोरलेलं, खाली नवऱ्याच्या नावासकट.

तर अन्नाशी माणसाचं जे काही बिनसतं ते बऱ्याचदा अन्नात नसतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, मावशींकडून कळलं, आणि तरी मी जन्माची चूक केली ती इथंच. त्या चुकीचं नाव मानसी.

आधी माझी खोली सांगते. पुढे टेबल, दोन खुर्च्या, गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. सकाळी खालून झेंडूचा नि शेवंतीचा वास वर यायचा आणि दुपारी त्याच फुलांच्या कुजक्या पाकळ्यांचा. वजनकाटा होता, पण कपाटात, कारण ज्यांचं जेवणाशी भांडण आहे त्यांना आकडा दाखवून काही भलं होत नाही. मोजायचंच झालं तर पाठ करून उभं करायचे. टेबलाच्या कोपऱ्यात पितळेचं उदबत्तीचं घर होतं, आईचं. ही सवय गिरगावातली. आमच्या चाळीत आम्ही दोनच घरं शाकाहारी. शेजारी रविवारी मासे तळायला लागले की आई कुणाला काही न बोलता गॅलरीचं दार लोटून घ्यायची आणि चंदनाची उदबत्ती लावायची. शेजारणीशी तिचं गूळपीठ होतं, बाळंतपणं एकमेकींची केली त्यांनी. दार लोटण्यात तिला काही वावगं वाटलं नसेल. मलाही वाटायचं नाही. मला तो चंदनाचा वास म्हणजे रविवार वाटायचा.

मानसी आली ती करोना येऊन गेल्यानंतर, कॉलेजं पुन्हा भरून काही महिने झाले तेव्हा. वय वीस, राहणार वरळी कोळीवाड्यात, कॉलेज माटुंग्याला. अंगात ढगळ स्वेटशर्ट, हातांची बोटं बाह्यांत लपवलेली, आवाज इतका हळू की मला पुढे वाकून ऐकावं लागे. सोबत आई, जयवंतीबाई. माटुंगा पश्चिमेच्या बाजारात त्यांची मासळीची जागा. बाजार आटपून तशाच आलेल्या, टोपली खाली वॉचमनपाशी ठेवून. अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात हिरव्या बांगड्या, आणि बोलणं खणखणीत. कोळणी कुणाला अहो-जाहो करत नाहीत, मलाही केलं नाही.

"माझी पोर जेवत नाय गो डॉक्टरीणबाय," त्या म्हणाल्या. "तिला जेवाला लाव. बाकी मना काय नको."

प्रकरण साधं नव्हतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं की पोरीचं शरीर स्वतःलाच खायला लागलंय, हृदयावर ताण येतोय, असंच चाललं तर दाखल करावं लागेल. असल्या आजारात आम्ही तिघं मिळून काम करतो: औषधाला आणि तपासण्यांना डॉक्टर, मनासाठी समुपदेशक, आणि ताटापुरती मी. ताट म्हणजे माझा प्रांत. तो मला चांगला येतो, अशी माझी समजूत होती.

मी विचारलं, काल काय खाल्लंस? मानसी म्हणाली, दहीभात. आणखी? दोन बिस्किटं. मग तिनं बाह्यांतून बोटं थोडी बाहेर काढली आणि सांगितलं, "मॅडम, मी व्हेजिटेरियन झालेय."

आता खरं लिहायला बसलेय तर खरं लिहिते. ते ऐकून मला बरं वाटलं. माझ्या आत कुणीतरी ताठ होऊन बसलं. पोरगी शहाणी आहे, सात्त्विक आहे, हिला आपण सहज वळणावर आणू, असं काहीतरी. कोळ्याच्या घरची मुलगी मासे सोडते म्हणजे काय सोडते, कशापासून पळते, हे विचारणं माझं काम होतं. डाळभात सोडणाऱ्या ब्राह्मणाच्या मुलीला मी तासभर खोदून विचारलं असतं. हिला विचारलं नाही. मी उत्साहानं वही काढली आणि माझ्या घरचं जेवण तिला लिहून दिलं: मेतकूट-भात, मुगाची खिचडी, थालीपीठ आणि लोणी, पनीर, मोड आलेली मटकी.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या भेटीत मानसी म्हणाली, घरातल्या तव्याला वास येतो. मी जयवंतीबाईंना समजावलं की काही दिवस हिची भांडी वेगळी ठेवा. तवा वेगळा, पळी वेगळी, ओट्याचा एक कोपरा हिचा. शक्यतो घरात मासळी रांधूच नका. पोरगी खायला लागेपर्यंतच हो. त्या माउलीनं मान डोलावली. नवा तवा घेतला, नवी पातेली घेतली. टोपली घरात आणायची बंद केली. बाजारातून आल्यावर डोक्यावरून आंघोळ, मग दुसऱ्यांदा आंघोळ, मग हाताला लिंबू चोळून पोरीची खिचडी टाकायची. तरी पोरगी म्हणे, वास येतो. शेवटी त्यांनी हात लावायचंच सोडलं. दादरच्या एका पोळीभाजी केंद्रातून डबा लावला. मला सांगायला आल्या तेव्हा चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं. आता तर खाईल ना?

मी म्हटलं, हो, हे उत्तम केलंत.

तीन महिने मानसी न चुकता येत राहिली. डायरी सुंदर लिहायची. थालीपीठ, अर्धी वाटी मटकी, ताक. मी ती डायरी दुसऱ्या पेशंटांना नमुना म्हणून दाखवली, ही मूर्खपणाची कमाल. अंगावरचा स्वेटशर्ट दर भेटीला आणखी ढगळ दिसायचा आणि मी काटा कपाटातून न काढता वहीवर विश्वास ठेवायची, कारण वहीत माझंच जेवण लिहिलेलं असायचं. जयवंतीबाई आल्या की खुर्चीच्या कडेवर बसायच्या, आणि पुढे पुढे तर दारातच उभ्या राहायला लागल्या. मी त्यांना बसा म्हणायची. एकदा म्हटलं की झालं, असं मला वाटे.

मग एका सकाळी मानसी कॉलेजच्या जिन्यात कोसळली. पाच दिवस इस्पितळात काढले. डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं की तुमच्या वहीप्रमाणे ही खात असेल तर रक्तात काहीच कसं दिसत नाही. पुन्हा असं झालं तर हृदयाला झेपेल याची खात्री देता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या डायरीतली थालीपिठं वाचत बसले.

घरी सोडल्यावर आठवड्याभरानं ती आली. दुपारची वेळ होती. गल्ली पेंगुळलेली, खाली कुणीतरी फुलांच्या पाट्यांवर पाणी मारत होतं, उन्हाचा एक पट्टा टेबलावर तिरका पडला होता. मानसी खुर्चीत बसली. मी काडेपेटी उचलली, काडी ओढली, उदबत्तीकडे हात नेला.

ती म्हणाली, "आज नका लावू उदबत्ती, मॅडम. आई आत आलीच नाहीये. बाहेर जिन्यावर बसलीये."

मला आधी कळलंच नाही. मग काडी जळत जळत बोटापाशी आली तेव्हा कळलं. मी उदबत्ती रोज लावते असं मला वाटायचं, सवयीनं, कधीही. तसं नव्हतं. जयवंतीबाई दारातून आत आल्या की मी लावायची. त्या गेल्या की खिडकी उघडायची. तीन महिने, प्रत्येक वेळी, हसून बसा म्हणता म्हणता. मला एकदाही लक्षात आलं नाही आणि मानसीच्या एकदाही नजरेतून सुटलं नव्हतं.

मला वाटलं ती चिडलेली असेल. ती चिडलेली नव्हती, ती फक्त सांगत होती, कालचं जेवण सांगावं तसं. मी विचारलं, काल काय खाल्लंस, खरं सांग. ती म्हणाली, काही नाही. परवा? काही नाही, डबा कबुतरांना घातला. मग मी विचारलं ते मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, की शेवटचं आवडीनं कधी जेवलीस?

तिनं सांगितलं. कॉलेजची पहिली दोन वर्षं घरूनच झाली होती, मोबाइलच्या पडद्यावर. तिथे कुणाला कुणाचा वास येत नाही. मग वर्ग भरले, तोंडावर मास्क होते तोवरही बरं होतं. मग मास्क उतरले. तिच्या वाढदिवसाला चार मैत्रिणींनी वर्गणी काढून परफ्यूमची बाटली दिली. मोठी, महागाची, चिठ्ठीवर बदाम काढलेला. "कुणी काही वाईट बोललं नाही, मॅडम. सगळ्या खूप चांगल्या आहेत." घरी येऊन तिनं स्वतःचे कपडे हुंगले, केस हुंगले, दप्तर हुंगलं. दुसऱ्या दिवशी मासे सोडले. मग लसूण, मग तळणीचं, मग ज्या तव्यावर कधीतरी बोंबील भाजला गेला त्यावरचं सगळं. आणि शेवटी आईच्या हातचं. पाचवीपर्यंत आई तिला भरवायची. त्या बोटांना कायम एक वास असायचा. तो वास म्हणजे आई, हे तिला आधी कधी वेगळं करता आलं नव्हतं.

"आणि मग तुम्ही म्हणालात, भांडी वेगळी करा," ती म्हणाली. "तेव्हा मला कळलं की खरंच येतो."

पस्तीस वर्षांत मला अनेकांनी नावं ठेवलीयत. एकीनं तक्ता फाडून तोंडावर टाकला होता, एका सासूबाईंनी मी त्यांच्या सुनेला उपाशी मारते म्हणून जिन्यात उभं राहून शापही दिले होते. पण या वाक्यासारखं काही लागलं नाही. ज्या शंकेनं ती मुलगी मरायला टेकली होती, तिच्यावर मी तज्ज्ञ म्हणून शिक्का मारला होता.

मी जिन्यावर गेले. जयवंतीबाई पायरीवर बसल्या होत्या, पदर गुडघ्यांवर घट्ट ओढून घेतलेला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, भांडी वेगळी करा म्हणाले ते माझं चुकलं. टाकून द्या ती भांडी. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टरीण चुकली म्हणते, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं. उदबत्तीचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. ओठावर आलं आणि मी ते गिळलं. माझ्या अंगात तेवढी हिंमत नव्हती.

समुपदेशक मैत्रिणीला मी सगळं सांगितलं, तिनं मला चांगलं झाडलं आणि मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. मी मानसीला म्हटलं, आता तक्ता नाही, डायरी नाही. मला मासळीतलं ओ की ठो कळत नाही. तू मला शिकव. ती पहिल्यांदा थोडी हसली.

बोंबील सुकवायच्या दिवसांत, थंडी सरता सरता, मी कोळीवाड्यात गेले. तो दिवस मला अजून दुपारच्या झोपेत दिसतो. बांबूच्या आडव्या काठ्यांच्या वलांडी, त्यांवर जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील, हजारो, आणि त्यांतून गाळून येणारं ऊन. मागे होड्या, त्यापलीकडे धुक्यात तरंगणारा सी-लिंक, कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते दिसत नव्हतं. भरतीचं पाणी आवाज न करता वर चढत होतं. आणि वास. खोटं कशाला बोलू, पहिल्या मिनिटाला माझा हात आपोआप नाकाकडे निघाला. मी तो खाली घेतला आणि पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरून ठेवला. मानसीनं ते पाहिलं.

ती मला दाखवत गेली. आधी लांबून, बोटानं. मासा ताजा की शिळा ते डोळ्यावरून कळतं. कल्ला उचलून बघायचा, लाल पाहिजे. अंगठ्यानं दाबायचं, खळगा राहिला तर घ्यायचं नाही. सांगता सांगता एका बाईच्या पाटीतली बोईट तिनं उचलली, नकळत, बाही वर सारून. कित्येक महिन्यांनी तिनं मासळीला हात लावला होता. तिनं ती नाकाशी नेली आणि मग माझ्या नाकाशी धरली. "ताज्या मासळीला वास नसतो, मॅडम. नुसता समुद्र असतो. वास येतो तो शिळ्याला. माझी आई कधी शिळी विकत नाही." शेवटचं वाक्य ती जरा मोठ्यानं बोलली. पाटीवाली म्हणाली, ऐक, जयवंतीची पोर बोलते ती.

माझं नाक साठ वर्षांचं आणि अडाणी होतं. पण तिथे बराच वेळ उभी राहिले तेव्हा मला त्या एका वासात चार-पाच वास वेगळे व्हायला लागले: मिठाचा, ओल्या दोरीचा, तापलेल्या वाळूचा, डिझेलचा, आणि सुकणाऱ्या बोंबलाचा, जो शेवटी शेवटी मला चक्क शेंगदाण्याच्या वळणावर जाताना वाटला. मानसीला सांगितलं तर म्हणाली, तुम्हाला भूक लागलीये.

दुपारी जयवंतीबाई बाजारातून आल्या. आम्हाला घरात बसलेलं बघून न्हाणीकडेच वळायला लागल्या. मी म्हटलं, आंघोळ नंतर करा, आधी भाकरी टाका, मला भूक लागलीये. त्या पोरीकडे बघत उभ्या राहिल्या. मानसी खाली बघून म्हणाली, टाक ना. त्यांनी जुना तवा काढला, फडताळाच्या मागून. तांदळाच्या पिठाची भाकरी हातावर थापायला घेतली. त्या बांगड्यांचा आवाज, पिठाचा पांढुरका हात, दारातून येणारा खारा वारा. मी भाकरी मिठाशी खाल्ली. मानसीनं खूप वेळ काही केलं नाही. मग तिनं आईच्या हातच्या भाकरीची कडा मोडली, करकरीत झालेली, अंगठ्याएवढी, आणि तोंडात टाकली. चावत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं पण ती थांबली नाही. जयवंतीबाई तव्याकडे तोंड करून बसल्या होत्या, एकदाही वळल्या नाहीत. मला वाटतं त्यांना भीती वाटली, की बघितलं तर थांबेल.

त्या दिवशी तेवढंच. लोकांना वाटतं असा एक घास गेला की सगळं मार्गी लागतं. तसं काही नसतं. पुढे जवळजवळ दोन वर्षं लागली. दोनदा घसरली, एकदा पुन्हा दाखल केलं, औषधं चालू होती, समुपदेशन चालू होतं. मासे आले ते फार उशिरा, आधी आंबटाचा, म्हणजे मासळीच्या कालवणाचा, नुसता रस भातावर, मग जवळ्याची चटणी. नारळी पुनवेनंतर होड्या परत गेल्या त्या वर्षी तिनं मला फोन करून सांगितलं, मॅडम, काल मांदेली खाल्ली, मोजली नाहीत. परफ्यूमची बाटली तिनं टाकली नाही. कधी लग्नाबिग्नाला जाताना मारते म्हणाली, आणि मला ते आवडलं.

माझ्या खोलीत त्या दुपारनंतर उदबत्ती लागली नाही. पितळेचं घर मी पुसून ठेवायची, रिकामं.

गेल्या मार्गशीर्षात खोली आवरायला काढली तेव्हा मायलेकी आल्या. मानसी आता नोकरीला लागलीये, गालावर रंग चढलाय. जयवंतीबाईंनी डबा आणला होता, म्हणाल्या, तू खात नाहीस ठाऊक हाय, तुझ्यासाठी भाकरी नि वांगं आनलंय, हे आमचं. गुरुवार होता, आईच्या रिवाजानं त्या खोलीत काय काय चालायचं नाही याची यादी माझ्या डोक्यात एकदा फिरून गेली. मी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मानसीनं डबा उघडला. त्या खोलीत पहिल्यांदा मासळी उघडली गेली. रस्त्यावर खोदकाम चाललेलं म्हणून खिडकी बंद होती, ती मी तशीच ठेवली. पोरगी पाची बोटांनी कालवत होती आणि आई शेजारच्या खुर्चीत मागे टेकून, मांडी घालून बसली होती.

जयवंतीबाईंची नजर उदबत्तीच्या घराकडे गेली.

"ती उदबत्ती बंद का केलीस गो?" त्यांनी विचारलं. "पहिली लावायचीस. मी आत आले की लगेच लावायचीस, माझ्या पोरीसाठी. मना बरं वाटायचं. घरी जाऊन सांगायची मी, ती डॉक्टरीणबाय बोलत काय नाय, पन माझ्या पोरीसाठी देवाला हात जोडते."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तिथेच राहिला. इतकी वर्षं त्या बाईनं माझ्या त्या धुराला प्रार्थना समजून उराशी धरलं होतं. आता सांगावं, आताच सांगून टाकावं, असं मनात आलं. मी तोंड उघडलं.

मानसीनं माझ्याकडे बघितलं. मग घास तोंडात घातला, काटा काढून झाकणावर ठेवला आणि आईला म्हणाली, "हो गं. माझ्यासाठीच लावायच्या त्या. मी बरी झाले ना, म्हणून बंद केली."

जयवंतीबाईंनी मान डोलावली, बरोबर आहे म्हणाल्या, आणि पोरीच्या डब्यात आणखी एक तुकडी सारली. मानसीनं ती खाल्ली.

खोलीच्या पडद्यांत मासळीचा वास राहिला होता, ते मी आठवडाभर धुतले नाहीत. आता हे छापून येईल तेव्हा मानसी वाचेल. आईला वाचून दाखवायचं की नाही, ते तिनं ठरवावं. मी पस्तीस वर्षं लोकांना खरा काल विचारला, खोटं बोलले तर रागावले. माझा एवढा एक सांगायचा राहिला होता.